भाजलेल्या पेशंटला ‘किती दुखतंय’ हे नीट कसं विचारायचं: बर्न्स वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

बर्न्स वॉर्डात पहिल्यांदा पोस्टिंग लागलेले इंटर्न, नर्सिंगच्या पोरी-पोरं, फिजिओवाले आणि थिसिसचा डेटा गोळा करायला आलेले पीजी, ह्या सगळ्यांच्या हातात कुणीतरी एक कागद देतं ज्याच्यावर शून्य ते दहा असे आकडे असतात, आणि बहुतेकांना वाटतं की ह्यात शिकायचंय काय, जायचं, विचारायचं, आकडा लिहायचा आणि पुढच्या कॉटवर. कागद भरतो हे खरं. पण भाजलेल्या माणसाचं दुखणं दिवसभरात इतकं वरखाली होतं की सकाळी निवांत पडलेला असताना तो तीन म्हणतो, ड्रेसिंगची ट्रॉली दारात दिसली की पाच म्हणतो, आणि पट्टी सोडताना नऊ. तुम्ही नुसतं ‘५’ लिहून गेलात तर तो कुठला पाच हे संध्याकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरला कळत नाही आणि सहा महिन्यांनी एक्सेल शीट उघडल्यावर तुम्हालाही कळत नाही.

आपल्या भागात, म्हणजे कोल्हापूरकडे, कोण येतं ते आधी डोक्यात ठेवा, कारण विचारायची पद्धत त्यावर ठरते. गुऱ्हाळं सुरू झाली की काहिलीतला उकळता रस किंवा पाक अंगावर आलेली माणसं येतात, हा पाक चिकट असल्यामुळे चामडीला धरून बसतो आणि साध्या पाण्यापेक्षा खोल भाजतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतून फाउंड्रीचे कामगार येतात, बहुतेक वेळा पायावर वितळलेल्या धातूचा रस सांडलेला. घरात बंबातलं कढत पाणी अंगावर घेतलेली लहान पोरं येतात. स्टोव्ह, गॅस, चूल, दिवाळीत फटाके, विजेचा शॉक. आणि बायका येतात, ज्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय. ह्यातला कुणी दहावी-बारावी झालेला असतो, कुणाला अंगठा, कुणी सीमाभागातून आलेला आणि घरात कन्नड बोलणारा. एकच छापील वाक्य सगळ्यांना म्हणून दाखवलं की झालं, असं होत नाही.

१. आधी ठरवा, कुठलं दुखणं विचारताय

भाजण्यातलं दुखणं एक नसतं. एक असतं सतत असणारं, काहीही करत नसताना मागे चालूच असलेलं. दुसरं काहीतरी केल्यावर येणारं, म्हणजे ड्रेसिंग, जखम धुणं, मेलेली चामडी काढणं, सांधा ताणण्याचा व्यायाम, स्प्लिंट बांधणं, ह्याला प्रोसिजरल म्हणतात आणि बहुतेक पेशंटच्या बाबतीत सगळ्यात जास्त आकडे इथेच येतात. तिसरं म्हणजे औषध चालू असूनही मध्येच उसळणारं, कूस बदलली, खोकला आला, रात्री औषधाचा असर संपला की येणारं. चौथं ऑपरेशननंतरचं. त्वचा काढून दुसरीकडे लावली की जिथून काढली ती जागा, बहुतेक वेळा मांडी, लावलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते. पेशंट म्हणतो, “भाजलं हाताला आन् दुखायलंय मांडीला,” आणि तो बरोबर सांगत असतो, म्हणून ‘किती’ विचारायच्या आधी ‘कुठं’ विचारायचं आणि दोन जागा असतील तर दोन आकडे लिहायचे.

पाचवं नंतर येतं, जखमा भरल्यावर. नसांचं दुखणं आणि खाज. त्याचे प्रश्नच वेगळे असतात, शेवटी सांगतो.

एक गैरसमज इथंच मिटवून टाकू. “डीप बर्न आहे, त्याला दुखत नाही” असं म्हणून त्या पेशंटचा रकाना कोरा सोडतात. पूर्ण जाडीचं भाजलं की त्या जागेच्या नसांची टोकं जळालेली असतात हे बरोबर, सुई टोचली तरी कळत नाही. पण त्याच जखमेच्या कडेला अर्धवट भाजलेली चामडी असते आणि ती जबरदस्त दुखते, आजूबाजूला सूज असते, त्यात नंतर नसा परत वाढायला लागतात. त्यामुळे प्रत्येकाला विचारायचं, टक्केवारी आणि डिग्री बघून आधीच अंदाज बांधायचा नाही.

२. पेशंट सांगायच्या अवस्थेत आहे का

दुखणं किती ते ज्याला होतंय त्यानंच सांगायचं, हा पहिला नियम. तो सांगूच शकत नसेल तरच बघून मोजायची साधनं. पण बर्न्समध्ये मधली अवस्था फार असते आणि नवीन माणूस तिथंच अडकतो. तोंड सुजून डोळे बंद झालेत, म्हणजे चेहऱ्यांचं चित्र दाखवून उपयोग नाही, पण तो बोलू शकतो, तोंडी आकडा विचारा. दोन्ही हात पट्टीत आहेत, म्हणजे रेघेवर खूण करता येणार नाही, तुम्ही बोट सरकवा आणि त्याला “थांब” म्हणू द्या किंवा आकडाच विचारा. धुरानं आवाज बसलाय, मग आकड्यांचा कार्ड धरा आणि मान हलवायला सांगा. घशात नळी आहे पण शुद्धीत आहे, तेव्हाही मान आणि पापण्या चालतात.

शुद्ध आहे का हे बघायला मोठं काही लागत नाही. नाव, गाव, आत्ता सकाळ का संध्याकाळ, एवढं विचारा. तापात बरळत असेल, नुकतंच केटामाईन देऊन ड्रेसिंग झालेलं असेल, तर त्या वेळचा आकडा धरू नका. थोड्या वेळानं परत या आणि कागदावर ‘आता विचारता आलं नाही, गुंगीत’ असं कारण लिहा. कोरा रकाना आणि कारण लिहिलेला रकाना ह्यात फरक असतो, थिसिसवाल्यांना तर हा फरक शेवटी फारच कळतो.

३. साधन निवडा, आणि एकच धरून ठेवा

मोठ्या माणसांसाठी रोजच्या रोज वापरायला शून्य ते दहाची तोंडी स्केल, म्हणजे एनआरएस, पुरते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं जास्तीत जास्त. शंभर मिलिमीटरची रेघ, व्हीएएस, संशोधनात चालते, पण वॉर्डात पट्टीत गुंडाळलेल्या हाताच्या पेशंटपुढे पेन धरण्यात अर्थ नाही आणि वयस्क माणसांना रेघ समजायला वेळ लागतो. आकडे जमतच नाहीत अशांसाठी शब्दांची स्केल: नाही, थोडं, मध्यम, जास्त, खूप जास्त.

म्हातारी माणसं कधीकधी आण्यांत सांगतात. “बारा आणे दुखायलंय बघ पोरा, काल सोळा आणे हुतं.” हे उत्तर फार चांगलंय, कारण त्यांना प्रमाण कळलंय हे त्यातनं दिसतं. पण बाराला सोळानं भागून साडेसात करायच्या भानगडीत पडू नका. तशाच्या तसं बाजूला लिहा आणि शब्दांच्या स्केलवर कुठं बसतंय ते त्यांनाच विचारा. आणि एकदा एखाद्या पेशंटला शब्दांची स्केल सुरू केली की शेवटपर्यंत तीच, आज आकडे उद्या चेहरे असं केलं तर कालच्याशी आजचं जुळवता येत नाही.

पोरांसाठी एफपीएस-आर, सहा चेहऱ्यांचं चित्र, २००१ सालचं, साधारण चार वर्षांपासून पुढं चालतं, आणि गुण ०, २, ४, ६, ८, १० असे. पोराला आकडे दाखवायचे नाहीत, ते मागच्या बाजूला. महत्त्वाचं म्हणजे ‘हसरा’, ‘रडका’ असे शब्द वापरायचे नाहीत. “हा चेहरा म्हणजे काहीच दुखत नाही, इकडं इकडं जाईल तसं जास्त, हा शेवटचा म्हणजे लई लई दुखतंय, तुझं कुठलं?” एवढंच. ‘रडका’ म्हटलं की पोरगं भीती आणि आईची आठवण सगळं त्यात मोजतं. ट्रॉली आणि कात्री दिसायच्या आधी विचारा, नाहीतर पोरं शेवटच्या चेहऱ्यावरच बोट ठेवतात.

त्याहून लहान असेल तर पोराकडे बघून मोजायचं एफएलएसीसी, १९९७ पासूनचं, दोन महिने ते सात वर्षं. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत करता येतंय का, ह्या पाचांना प्रत्येकी ० ते २, एकूण १०. आयसीयूत बोलू न शकणाऱ्या मोठ्यांसाठी सीपीओटी, चार गोष्टी बघून, ० ते ८, आणि २ च्या वर गेलं की दुखतंय असं धरतात. पण ह्या दोन्हींत ‘चेहरा’ हा एक भाग आहे आणि आपला पेशंट चेहऱ्यालाच भाजलेला असेल, किंवा पट्टीत असेल, तर तो भाग बघता येत नाही. अशा वेळी तिथे ‘०’ घालायचा मोह होतो. घालू नका, ‘बघता येत नाही’ लिहा, कारण त्या शून्यानं बेरीज खोटी कमी होते. नाडी वाढली म्हणजे दुखतंय असंही नुसत्या नाडीवरून ठरवू नका, मोठ्या भाजण्यात शरीराची भट्टीच पेटलेली असते, नाडी दुखणं नसतानाही वाढलेलीच राहते.

आईबापांना पोराचं दुखणं विचारायचं का? विचारायचं, पण वेगळ्या रकान्यात. आईचा आकडा आणि पोराचा आकडा एक नसतो, एकमेकांच्या जागी लिहू नका.

आता मोठ्या प्रश्नावल्या. मॅकगिल पेन क्वेश्चनेअर हे रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली आणलं, त्यात ७८ शब्द वीस गटांत आहेत आणि पेशंटनं आपल्या दुखण्याला लागू पडणारे शब्द निवडायचे असतात. भाजून आडव्या पडलेल्या माणसापुढे ७८ शब्द वाचणं हा जुलूम आहे, म्हणून १९८७ ची छोटी आवृत्ती बघा, १५ शब्द, प्रत्येकाला ० ते ३. ब्रीफ पेन इन्व्हेंटरी (बीपीआय) चार्ल्स क्लीलँड यांची, छोट्या आवृत्तीत चोवीस तासांतलं सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी, सरासरी आणि आत्ताचं असे चार आकडे, शिवाय दुखण्यामुळे कामं, मूड, चालणं, नोकरी-धंदा, माणसांशी संबंध, झोप आणि जगण्यातली मजा ह्यात किती अडथळा येतो असे सात प्रश्न. हे ओपीडीत फार छान चालतं. वॉर्डात मात्र ज्याला कॉटवरून उतरायची परवानगी नाही त्याला चालण्यात किती अडथळा विचारणं म्हणजे त्याची चेष्टा केल्यासारखं होतं. माझं मत असं की ॲडमिट असताना एनआरएस आणि झोपेचा एक साधा प्रश्न, आणि डिस्चार्जनंतर बीपीआय. प्रश्न गाळून किंवा बदलून वापरायचा असेल तर मग त्याला बीपीआय म्हणू नका.

ड्रेसिंगची भीती वेगळी मोजायची असेल तर बर्न स्पेसिफिक पेन अँग्झायटी स्केल आहे, १९९७ ची, नऊ प्रश्न. आदल्या रात्री झोप उडालेल्या पेशंटचा आकडा नुसता दुखण्याचा नसतो हे तिच्यामुळे वेगळं काढता येतं.

४. मराठी प्रत कुठून आणायची

गुगल ट्रान्सलेट मारून प्रिंट काढायची नाही. आधी त्या प्रश्नावलीच्या मालकांकडे मराठी प्रत आहे का बघा, बीपीआयसाठी अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरकडे रीतसर परवानगी मागावी लागते, बाकीच्यांचेही हक्क कुणाकडे ना कुणाकडे असतात. प्रत नसेल आणि तुम्हीच करणार असाल तर पद्धत ठरलेली आहे: दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत करायचं, दोन्ही जुळवून एक करायची, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ती परत इंग्रजीत करून घ्यायची, फरक मिटवायचे, आणि मग थोड्या पेशंटांपुढे वाचून “ह्याचा तुम्हाला काय अर्थ लागला?” असं विचारायचं. हा शेवटचा भाग लोक उडवतात आणि तिथंच सगळं कळतं. ‘सरासरी’ हा शब्द मराठी शाळेत शिकलेल्यालाही अडतो, “एरवी बराच वेळ जेवढं असतंय तेवढं” म्हटलं की लगेच उत्तर येतं. ‘गेल्या चोवीस तासांत’ म्हणजे “काल ह्याच वेळी चहा आला होता, तवापासून आत्तापतोर”.

दुखण्याच्या शब्दांची तर आपल्याकडे श्रीमंती आहे. आग होते, भगभगतंय, चरचरतंय, झोंबतंय, ठणकतंय, कळ येते, सणक मारते, टोचतंय, ओढ लागते, चुणचुणतंय, मुंग्या येतात, बधिर झालंय. पुस्तकी ‘दाहक वेदना’ छापून आणलेला कागद घेऊन गेलात तर मावशी तुमच्याकडे बघत बसतील. पेशंट स्वतःहून जो शब्द वापरतो तो तसाच लिहून ठेवा, भगभगणं आणि सणक मारणं ह्यात डॉक्टरला उपयोगी असा खरा फरक आहे, सणक आणि करंट बसल्यासारखं म्हणणारा पेशंट नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवत असतो.

५. कोण उभं आहे ते बघा

कॉटच्या शेजारी सासू, नवरा, दीर उभे आहेत आणि तुम्ही बाईला विचारताय “किती दुखतंय”. उत्तर सासूच देणार, “काय न्हाई, बरं हाय तिला,” किंवा बाई त्यांच्याकडे बघून मग सांगणार. नातेवाईकांना औषध आणायला, चहाला, बाहेर बसायला सांगायचं, मग विचारायचं. पडदा ओढा. बाईला बाईनंच विचारलेलं बरं.

भाजलेल्या बाईच्या केसमध्ये पोलीस, जबाब, एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी मेडिको-लीगल केस) हे सगळं असू शकतं, तुमची प्रश्नावली त्या कामात मध्ये यायला नको आणि तुमच्या प्रश्नांतून ‘कसं झालं’ काढायचं नाही, ते तुमचं काम नव्हे. पण ती आपणहून काही बोलली, घरी परत जायची भीती वाटते म्हणाली, तर “बरं” म्हणून पुढच्या प्रश्नावर जायचं नाही. थांबून ऐका, आणि लगेच तुमच्या वॉर्डाच्या डॉक्टरांना आणि मेडिकल सोशल वर्करना सांगा. कुणाला सांगायचं हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका.

पुरुषांची वेगळी तऱ्हा. तालमीत गेलेला गडी कॉटचा लोखंडी दांडा बोटं पांढरी होईतोवर धरून “दोन” म्हणतो. तुम्ही काय लिहायचं? दोनच लिहायचं. आकडा त्याचा आहे, तुम्हाला बदलायचा अधिकार नाही. शेजारच्या रकान्यात ‘दांडा घट्ट धरला होता, दात आवळलेले’ असं बघितलेलं लिहा. आणि मग वेगळा प्रश्न विचारा, “दुखायचं औषध आत्ता पाहिजे का?” आकडा दोन आणि औषध हो, हे दोन्ही एकत्र आलं की डॉक्टरला चित्र कळतं. कमी सांगण्यामागं कारणं असतात: जास्त सांगितलं तर डिस्चार्ज लांबेल, हंगाम चाललाय, रोजगार बुडतोय, सवय लागेल, इंजेक्शनचं बिल वाढेल. आकडा विचारायच्या आधी एक वाक्य टाका की ह्या आकड्यावर डिस्चार्ज ठरत नाही, औषध ठरतंय.

६. प्रत्यक्ष कसं विचारायचं

उभ्यानं, फाईल छातीशी धरून विचारू नका. स्टुलावर बसा. नाव घेऊन किंवा मावशी, मामा, आक्का, दादा काय शोभेल ते म्हणून सुरुवात करा.

“मामा, आत्ता ह्या घडीला, काही न हलवता, जखम किती दुखायलीय? काहीच नसलं तर शून्य. ह्याच्यापेक्षा जास्त दुखूच शकत नाही असं असलं तर दहा. मधलं कुठलं?”

“लई दुखायलंय.”

“लई म्हंजे किती? पाचाच्या वर का खाली?”

“वर.”

“आठ म्हणू का सहा?”

इथं थांबा. “आठ म्हणू का सहा” हा प्रश्न चुकीचा आहे, कारण तुम्ही त्याच्या तोंडात आकडा घातला. “वर म्हणजे कुठला आकडा?” असं विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं नवीन माणसाला जमत नाही, त्याला वाटतं पेशंटला कळलं नाही. पेशंट विचार करत असतो, त्याला वेळ द्या.

‘दहा’चा घोळ बर्न्समध्ये असतोच. ज्यानं पेटलेल्या अंगानं पळून बघितलंय त्याच्यासाठी दहा म्हणजे तो क्षण, आणि त्याच्या मानानं आत्ताचं सगळं चारच. तर दुसरा कुणी पहिल्या दिवसापासून दहाच सांगतो, बारासुद्धा सांगतो. दोघांनाही खोटं ठरवू नका. आकडा दोन माणसांत तुलना करायला फारसा कामाचा नसतो, त्याच माणसाच्या कालच्या आकड्याशी लावला की कामाचा होतो. बारा म्हटलं तर दहा लिहून बाजूला ‘पेशंट बारा म्हणाला’ एवढी नोंद ठेवा.

‘त्रास’ विचारू नका, “काय त्रास होतोय” म्हटलं की बद्धकोष्ठता, डास, घरचं भांडण, शेजारच्या कॉटचा आवाज सगळं येतं. तेही ऐकावं, पण दुखण्याचा आकडा मिळत नाही.

७. ड्रेसिंगच्या दिवशीचा क्रम

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि इथं नोंद सगळ्यात कमी होते कारण ज्याच्या हातात कागद असतो त्याच्याच हातात चिमटाही असतो. शक्य असेल तर विचारणारा माणूस वेगळा ठेवा. औषध देणारी, पट्टी सोडणारी सिस्टर समोर असताना पेशंट तिला बरं वाटावं म्हणूनही कमी सांगतो.

औषध दिलं ती वेळ लिहा. घड्याळातली, ‘सकाळी’ नव्हे. तोंडी गोळी दिली असेल तर असर चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, शिरेतून दिलेलं काही मिनिटांत. गोळी देऊन दहा मिनिटांत पट्टी सोडायला घेतली आणि नऊ आला, तर तो आकडा औषधाबद्दल काहीच सांगत नाही, घाईबद्दल सांगतो. मग ट्रॉली यायच्या आधीचा आकडा घ्या. पट्टी सोडताना आणि धुताना मध्ये एकदाच, लांबलचक प्रश्न न विचारता नुसतं “आत्ता किती?” संपल्यावर लगेच “ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त कधी झालं, किती?” आणि मग अर्ध्या तासानं परत. हा शेवटचा आकडा लोक घेत नाहीत, चहाला जातात. ड्रेसिंग संपल्यावर दुखणं किती वेळात उतरतं हे त्याच्यावरूनच कळतं.

‘सगळ्यात जास्त किती’ हे संध्याकाळी विचारू नका. माणसाला सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट जास्त आठवतो, मधलं पुसलं जातं. शेवटची पाच मिनिटं हळूहळू केलेलं ड्रेसिंग संध्याकाळी कमी आकड्यानं आठवतं.

कागदावर एवढे रकाने असले तरी पुरे: तारीख, वेळ, कुठली जागा, कुठल्या वेळचं दुखणं, आकडा, कोणतं साधन, औषध आणि त्याची वेळ, कोणी विचारलं, पेशंटचा शब्द, शेरा.

८. आकडा आला, पुढं काय

आकडा लिहून फाईल बंद केली तर तिसऱ्या दिवशी पेशंट उत्तर देणं सोडतो, “काय करणार सांगून,” आणि त्याचं बरोबर असतं. साधारणपणे १ ते ३ कमी, ४ ते ६ मध्यम, ७ आणि त्याच्या वर जास्त असं धरतात. चार किंवा वर आला की सिस्टर किंवा डॉक्टरला सांगा आणि औषध दिल्यावर परत विचारा. एखाद्याचा आकडा दोननं किंवा तिसऱ्या हिश्श्यानं खाली आला तर पेशंटला खरंच फरक जाणवला असं समजतात, सातचा सहा झाला म्हणून खूश होऊ नका. आणि आकडा अचानक वाढला, काल चार होता आज न हलवता आठ, तर नुसतं औषध वाढवून भागत नाही. पट्टी घट्ट झाली का, जखम बिघडली का, हाताच्या किंवा पायाच्या भोवती गोलाकार भाजलं असेल तर खालचा भाग गार आणि बधिर होतोय का, हे डॉक्टरनं लगेच बघायला हवं.

९. जखमा भरल्यावर

डिस्चार्ज झाला म्हणजे दुखणं संपलं असं घरच्यांना वाटतं. पेशंट तीन महिन्यांनी ओपीडीत येतो आणि म्हणतो झोप नाही, रात्रभर खाजवतो. खाज हा बर्न्समधला मोठा छळ आहे आणि दुखण्याच्या प्रश्नावलीत ती सापडत नाही, वेगळी विचारावी लागते. त्याला ५-डी इच स्केल आहे, २०१० ची, किती वेळ, किती जोरात, वाढतेय का कमी होतेय, कामात अडथळा किती आणि कुठं कुठं, दोन आठवड्यांचं विचारते, गुण ५ ते २५. नसांच्या दुखण्यासाठी डीएन४, दहा मुद्दे, सात विचारायचे, तीन तपासून बघायचे, चार किंवा जास्त आले तर नसांचं दुखणं असण्याची शक्यता. पण भाजलेल्या जागेवर खाज आणि बधिरपणा साध्या व्रणातही असतो, त्यामुळे हे गुण सहज फुगतात, चार आले म्हणून लगेच शिक्का मारू नका. व्रणासाठी पीओएसएएस, २००४ ची, तिच्यात पेशंटच्या भागात दुखणं आणि खाज दोन्ही असतात.

थिसिस किंवा प्रोजेक्ट असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी पहिला कागद भरायच्या आधी, नंतर नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो पण तिथं निष्पक्ष साक्षीदार लागतो, तुमचा बॅचमेट नव्हे. पोरांच्या बाबतीत पालकांची संमती, वर सात ते बारा वर्षांच्या पोराचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा असेल तर लेखी. भाजल्याच्या पहिल्या काही तासांत सही मागायला जाऊ नका, त्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मोबाईलवर फोटो काढून ‘नंतर भरतो’ असंही नको.

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीहून एसटीनं येणाऱ्या पेशंटला नुसत्या प्रश्नांसाठी बोलवू नका, फोनवर घ्या. फोनवर चेहरे आणि रेघ चालत नाही, शून्य ते दहा चालतं, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच त्याच स्केलवर एकदा सराव करून घ्या आणि कार्ड घरी द्या. फोन संध्याकाळी कामावरून आल्यावर करा, पेशंटशीच बोला, उचलणारा भाऊ “बरा हाय तो” म्हणाला तर ते उत्तर धरू नका, कधी भेटेल ते विचारून परत करा. पहिला प्रश्न झोपेचा ठेवा, तिथून दुखणं आणि खाज आपोआप निघते.